चिंचोटीच

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी विषय दिला तो ‘बनवलेल्या भाषा’ असा. पिढ्यान्‌पिढ्या बोलता बोलता घडलेल्या नव्हेत, कुणीतरी बसून, ठरवून केलेल्या. आधी एस्पेरांतो आठवली, मग इंग्रजी सिनेमांतल्या परग्रहवासीयांच्या भाषा. दोन दिवस त्यांच्यावरची पुस्तकं चाळली. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की मला सगळ्यात जवळची अशी भाषा तासाभराच्या अंतरावर, चिंचोटीला, दर शुक्रवारी संध्याकाळी बोलली जाते. माझा भाचा तिथे चार वर्षं तबला शिकला. त्याला सोडायला जायचे तेव्हा मी पायरीवर बसून ऐकत राहायचे. शिकवणीत तबला वाजायचा तेवढाच तो बोललाही जायचा, आणि ते बोलणं ना मराठी होतं, ना हिंदी, ना दुसरी कुठली भाषा. पुस्तकं मिटली आणि पुन्हा तिथेच गेले.

नायगाव स्टेशनला पूर्वेला उतरायचं, रिक्षा धरायची. जूचंद्र मागे पडतं. रांगोळीच्या कलाकारांचं गाव ते, दिवाळीच्या सुमारास तिथल्या रांगोळ्या बघायला लांबून माणसं येतात. मग बापाणे, मग मुंबई-अहमदाबाद महामार्ग, आणि समोर तुंगारेश्वरच्या डोंगराची हिरवी भिंत. चिंचोटी म्हटलं की मुंबईकराला धबधबा आठवतो. माणसं बुडून दगावतात म्हणून पावसाळ्यात तिथे जायला बंदी घालतात. ट्रकवाल्याला चिंचोटी म्हणजे कामणमार्गे भिवंडीकडे वळायचा फाटा. दिवसरात्र कंटेनर वळत असतात आणि वळताना हॉर्न देतात. त्या गोंगाटापासून पाच मिनिटं आत चाललं की बैठी घरं लागतात. त्यांतल्या एका घराच्या पडवीत सर शिकवतात.

चाणीप चेद

मी पोहोचले तेव्हा सर यायचे होते. पायरीवर नऊ-दहा वर्षांच्या दोन मुली बसल्या होत्या. एक दुसरीला म्हणाली, ‘चाणीप चेद.’ दुसरीने बाटली पुढे केली.

चाळीस वर्षांनी ऐकली ही भाषा, आणि कळायला क्षणही लागला नाही. च ची भाषा! मी आणि माझी थोरली बहीण हीच बोलायचो, आईला कळू नये म्हणून. आईला कळायचं, कारण लहानपणी तीही बोललेली. नियम एका ओळीत सांगता येतो. शब्दाचं पहिलं व्यंजन उचलून शेवटी ठेवायचं आणि त्याच्या जागी च आणायचा. काना-मात्रा जिथल्या तिथे राहते. पाण्याचं चाणीप होतं, शाळेचं चाळाश, घराचं चरघ, तबल्याचं चबलात. स्वराने सुरू होणारा शब्द आला की प्रत्येक गल्ली आपापला तोडगा काढते. ही भाषा कुठल्याही पुस्तकात शिकवत नाहीत. मोठी मुलं धाकट्यांना देतात. धाकटी मोठी झाली की विसरल्यासारखं करतात, आणि तोवर ती पुढच्यांच्या तोंडी गेलेली असते.

मुलींना मी गावांची नावं घातली. वसई? ‘चसईव.’ कामण? ‘चामणक.’ नायगाव? ‘चायगावन.’ उत्तरं तोंडातून फटाफट येत होती. एवढ्या वेगाने मोठ्या माणसाला जमणार नाही. मग विचारलं, चिंचोटी? दोघी थांबल्या. एकमेकींकडे पाहिलं. मग थोरली म्हणाली, ‘चिंचोटीच.’

पहिलं अक्षर मुळातच च असल्यामुळे त्याच्या जागी पुन्हा चच येतो, आणि उचललेला च शेवटी जाऊन बसतो. चिंचोटीच. दुसऱ्या कुठल्याही गावाचं नाव या भाषेत झाकलं जातं. या गावाचं झाकलं तर जात नाहीच, वर ठासून सांगितलं जातं. मराठीत शेवटी च आला की ते नक्की होतं: हेच, इथेच, चिंचोटीच. मुलींनी हे पूर्वी ताडलेलं होतं. म्हणूनच त्या थांबल्या होत्या. बाहेरचं कुणी विचारील तेव्हा सांगायला त्यांनी ते राखून ठेवलं होतं.

लपवायची भाषा

मराठीत भाषा बनवायची हौस काही पोरांपुरती नव्हती. बाजारातले दलाल आणि व्यापारी नंदभाषा वापरायचे. गिऱ्हाईक समोर उभं असताना आपापसांत भाव ठरवायचा, आणि गिऱ्हाइकाला आकडा कळता कामा नये. म्हणून आकड्यांनाच वेगळी नावं दिली. अवारू म्हणजे दोन, उधानू तीन, पोकू चार, मुळू पाच, पवित्र सात. गुरांच्या बाजारात याचा बिनशब्दांचा भाऊ भेटतो. दोघं हातावर रुमाल टाकतात आणि आतल्या आत बोटं दाबून बैलाचा भाव ठरवतात. भोवती माणसं उभी असली तरी आकडा दोघांपुरताच राहतो. गोंधळ्यांची करपल्लवी याच जातीची, हाताच्या खुणांनी अक्षरं सांगणारी.

सगळ्यात मोठं काम महानुभावांनी केलं. त्यांनी मराठी तशीच ठेवली आणि अक्षरं बदलली. सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्या केल्या आणि पंथाचे ग्रंथ त्यांत लिहून ठेवले. म्हाइंभटांचं लीळाचरित्र म्हणजे चक्रधरस्वामींच्या बोलण्या-वागण्याची नोंद, मराठी गद्याचा पाया. पण पंथाबाहेरच्या मराठी वाचकाला ते कित्येक शतकं वाचताच येत नव्हतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य राजवाडे यांनी सकळ लिपीची किल्ली लावली आणि हे दालन उघडलं. लिपी इतकी चोख होती की तिने ग्रंथ राखला, आणि त्याच चोखपणामुळे तो आपल्याला उशिरा भेटला. मला या गोष्टीचा अभिमान वाटतो आणि हळहळही वाटते.

या सगळ्या भाषा कुणाला तरी बाहेर ठेवण्यासाठी केलेल्या: आईला, गिऱ्हाइकाला, परक्याला. पडवीतली भाषा उलट्या कामाची आहे.

सोळा मात्रांचं व्याकरण

सर आले. सतरंजी पसरली, आठ मुलं बसली, तबल्यांच्या खोळी निघाल्या. पण पहिली वीस मिनिटं कुणी तबल्याला हात लावला नाही. हाताने टाळी देत सगळ्यांनी तीनताल म्हटला. याला पढंत म्हणतात.

धा धिं धिं धा । धा धिं धिं धा । धा तिं तिं ता । ता धिं धिं धा

ज्यांना तबला येत नाही त्यांच्यासाठी थोडं थांबून सांगते, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. उजव्या हाताखाली तबला, डाव्या हाताखाली डग्गा. नुसत्या तबल्याच्या काठावर बोट पडलं की ना किंवा ता. डग्ग्यावर खुला हात पडला की गे. दोन्ही एकदम वाजले की धा. तसंच तबल्यावर तिं, आणि त्याला डग्ग्याची जोड मिळाली की धिं. म्हणजे धा आणि ता यांत उजवा हात एकच काम करतो. फरक फक्त डग्ग्याचा.

आता शाळेतलं व्याकरण आठवा. त हा अघोष, ध हा घोष. त म्हणताना गळा थरथरत नाही, ध म्हणताना थरथरतो. गळ्यावर बोटं ठेवून बघा. ज्याने कुणी हे बोल पहिल्यांदा बांधले त्याने डग्ग्याची घुमार गळ्यातल्या थरथरीवर बसवली. डग्गा घुमला की घोष अक्षर: ग, घ, ध. डग्गा मिटला की अघोष: त, ट, क. प्रत्येक बोल या नियमात बसत नाही. घराण्याघराण्यांत एकाच आघाताला दोन नावं आहेत, आणि कधी एका नावाखाली दोन आघात. तरी कणा हाच. अनिरुद्ध पटेल आणि जॉन आयव्हर्सन या अभ्यासकांनी २००३ मध्ये याची तपासणी केली. तबल्याची काहीही माहिती नसलेल्या माणसांना आघात ऐकवले आणि बोल ऐकवले, तर कुठला बोल कुठल्या आघाताचा हे त्यांना बऱ्याच अंशी ओळखता आलं. कानाला ते न शिकवताच पटतं.

तर, तीनतालाच्या सोळा मात्रांत दहाव्यापासून तेराव्यापर्यंत डग्गा गप्प राहतो: तिं तिं ता ता. चौदाव्या मात्रेला तो परत येतो. मैफिलीत गायक कितीही लांब फिरायला गेला असला तरी डग्गा परत आला की जाणकार श्रोता सावरून बसतो, कारण आता तीन मात्रांत सम, म्हणजे पुन्हा पहिली मात्रा आहे. समेला माना हलतात ती काही जादू नाही. ती वाट कानांना आधी कळलेली असते. मला हे पस्तिशी उलटेपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. भाच्याला सोडायला येताना याच पायरीवर ते समजलं, आणि पूर्वी ऐकलेल्या ध्वनिमुद्रिका मी घरी जाऊन पुन्हा ऐकल्या. त्याच ध्वनिमुद्रिका, पण पूर्वी नुसता ठोका ऐकू यायचा, आता येणं-जाणं ऐकू येऊ लागलं.

पढंत झाली. मग सरांनी एक कायदा दिला. कायदा हा शब्द इथे अगदी नेमका आहे. कायद्यात जे बोल आहेत तेवढेच उलटसुलट मांडून पलटे करायचे, बाहेरचा बोल आणायचा नाही. पूर्वार्ध भरीचा, म्हणजे डग्ग्यासकट. उत्तरार्ध खालीचा, तिथे धा चे ता होतात आणि शेवटाकडे पुन्हा धा. मोजक्या अक्षरांतून न संपणारी वाक्यं. मघाशी चाणीप म्हणणाऱ्या मुलीने दोन पलटे स्वतःचे केले. तिसऱ्यात एक बाहेरचा बोल शिरला. सरांनी काही म्हणायच्या आत बाकीची मुलं ‘अं हं’ म्हणाली. वाजवलेलं चुकलं होतं ते त्यांच्या कानाला व्याकरणाची चूक म्हणून लागलं.

उस्ताद झाकीर हुसेन यांनी अनेकदा सांगितलेली आठवण आहे. बाळ घरी आलं तेव्हा वडिलांनी, उस्ताद अल्लारखाँ यांनी, त्याच्या कानात प्रार्थनेऐवजी तबल्याचे बोल म्हटले. आई रागावली, तर ते म्हणाले की हीच माझी प्रार्थना. त्या घरात ही भाषा मातृभाषेच्याही आधी कानावर पडली.

एक टिंब, दोन अर्थ

ताल बोलता येतो. सूर लिहायचा कसा, हा प्रश्न मराठी माणसांनी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी अंगावर घेतला. एकाच वेळी दोघांनी घेतला आणि दोघांनी वेगवेगळी उत्तरं दिली.

वाळकेश्वरला १८६० मध्ये जन्मलेले विष्णु नारायण भातखंडे व्यवसायाने वकील. पत्नी गेली, मग एकुलती मुलगी गेली. त्यांनी वकिली सोडली आणि देशभर फिरून राग आणि चिजा गोळा केल्या. त्यांची लिपी साधी आहे. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमाच्या डोक्यावर उभी रेघ. वरच्या सप्तकाचा स्वर असेल तर वर टिंब, खालच्या सप्तकाचा असेल तर खाली टिंब. मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं असेल तर वर कमान. समेला फुली, खालीला शून्य. एवढ्या खुणांवर त्यांनी क्रमिक पुस्तकमालिकेचे सहा भाग भरले. ‘हिंदुस्थानी संगीतपद्धती’ हा त्यांचा मोठा ग्रंथ मूळ मराठीत आहे आणि गुरु-शिष्यांच्या प्रश्नोत्तरांत लिहिलेला आहे. शिष्य अडतो, शंका काढतो, गुरु सांगतो. हिंदुस्थानी संगीताचा इतका मोठा आधारग्रंथ आपल्या भाषेत, संवादात लिहिला गेला, हे मराठी घरांत फारसं सांगितलं जात नाही. सांगायला हवं.

दुसरे विष्णु दिगंबर पलुस्कर, १८७२ साली कुरुंदवाडला जन्मलेले. लहानपणी फटाक्याने डोळे दुखावले, दृष्टी अधू झाली आणि गाण्याकडे वळले. १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. त्यांनीही स्वतःची लिपी केली, लयीचे बारकावे जास्त टिपणारी. तिच्यात स्वरावरचं टिंब म्हणजे मंद्र, खालचं सप्तक! तार सप्तकाला उभी रेघ. म्हणजे तेच टिंब, त्याच जागी, एका पुस्तकात वरचा सा आणि दुसऱ्यात खालचा सा. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना बसलेल्या प्रत्येकाने या दोन पद्धतींची तुलना पाठ केलेली असते, आणि बहुतेकांनी निदान एकदा चुकीच्या सप्तकात गायलेलं असतं.

लिपीत सगळं गाणं मावत नाही, ही तक्रार तेव्हाही होती. खरीच आहे ती. भैरवातल्या रिषभाचं आंदोलन रेघेत उतरत नाही. पण भातखंड्यांच्या वहीमुळे काय झालं ते बघा. आधी चीज उस्तादाच्या मर्जीवर मिळायची. आता ती चिंचोटीच्या पडवीत दीडशे रुपयांच्या पुस्तकात उघडी पडलेली असते. माझं मत स्पष्ट आहे. ज्या भाषेने दार उघडलं तिच्यात काय राहून गेलं याचा हिशेब नंतर करावा.

आणि ऐकणाऱ्यासाठी लिहिणारेही मराठीत झाले. केशवराव भोळे यांनी ‘एकलव्य’ आणि ‘शुद्धसारंग’ या नावांनी गायकांविषयी लिहिलं. वामनराव देशपांडे हिशेबतपासनीस होते. त्यांचं ‘घरंदाज गायकी’ १९६१ मध्ये आलं आणि घराणं म्हणजे नेमकं काय हे सामान्य श्रोत्याला कळेल अशा भाषेत मांडलं गेलं.

फोनमध्ये हरवलेला डग्गा

संध्याकाळी सहाला सरांनी फोन स्टँडवर लावला. पूर्वी इथेच बसणारा एक मुलगा दोन वर्षांपूर्वी आईवडिलांबरोबर मस्कतला गेला. तिथे शुक्रवारची सुट्टी, घड्याळात साडेचार. पडद्यावर तो दिसला, समोर तबला, मागे खिडकीत वाळवंटी ऊन.

टाळेबंदीत सगळ्यांनीच असं शिकवलं, शिकलं. तेव्हा मला वाटायचं की अडचण फक्त नेटवर्कची आहे. त्या दिवशी जवळ बसून पाहिलं तेव्हा अडचण कशात आहे ते कळलं.

पहिली गोष्ट वेळेची. आवाज इथून तिथे जाऊन परत यायला सेकंदाचा काही भाग जातो. बोलण्यात तो जाणवत नाही. पण द्रुत लयीत मिनिटाला २४० मात्रा पडतात, म्हणजे एक मात्रा पाव सेकंदाची. तेवढी दिरंगाई झाली की इथली सम तिथे दुसऱ्या मात्रेवर पोहोचते. त्यामुळे गुरु आणि शिष्य एकत्र वाजवूच शकत नाहीत. आधी एकाने वाजवायचं, मग दुसऱ्याने. लेहरा, म्हणजे तालाला धरून फिरणारी सुरावट, मुलाच्या जवळच वाजायला लागतो, सरांच्या पेटीवर नाही.

दुसरी गोष्ट जास्त खोल. व्हिडिओ कॉलची व्यवस्था माणसाच्या बोलण्यासाठी बांधलेली आहे. सतत चालू असलेला आवाज तिला पंख्याचा वाटतो, ती तो पुसते. तानपुरा तिच्या लेखी पंखाच. अचानक झालेला ठोका तिला टेबलावर पडलेल्या वस्तूचा वाटतो, ती तोही दाबते. काही ॲपमध्ये संगीतकारांसाठी मूळ आवाज जसाच्या तसा पाठवण्याची सोय असते. ती शोधून चालू करावी लागते. त्याउपर फोनचा इवलासा स्पीकर. त्यातून खालचे सूर बाहेरच पडत नाहीत, आणि डग्ग्याची घुमार म्हणजे खालचाच सूर.

मुलाने तीनताल वाजवला. मी डोळे मिटून ऐकलं. ना ना ना ना असं काहीतरी बारीक टकटकत आलं. धा आणि ता सारखेच वाटले. दहावी मात्रा कधी आली, चौदावी कधी, कळायला मार्ग नव्हता. खाली गेली होती, भरी गेली होती, उरला होता मोजका ठोका.

सर म्हणाले, आता पढंत कर.

त्याने टाळी देत म्हटलं, आणि सगळं परत आलं. धिं धिं धा, तिं तिं ता. ध आणि त यांतला फरक फोनने नीट पोहोचवला, कारण ते बोलणं होतं आणि बोलणं पोहोचवायलाच तो बांधलेला आहे. तबल्याचा आवाज त्या यंत्राने टाकून दिला आणि तबल्याची भाषा मात्र माणसाचं बोलणं समजून जशीच्या तशी समुद्रापार नेली. मुलगा एका जागी तिं च्या जागी धिं म्हणाला. ते इथे पडवीत बसलेल्या सगळ्यांना ऐकू आलं. मघाच्या दोन्ही मुली एकदम म्हणाल्या, ‘अं हं.’ मस्कतला तो हसला आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणू लागला.

डग्ग्याची घुमार गळ्यात कुणी बसवली ते माहीत नाही. पण त्या अनामिकाने केलेली व्यवस्था शेकडो वर्षांनी अशा ठिकाणी कामाला आली, जिथे खुद्द वाद्य हरलं होतं. लिहायला बसले तेव्हा या लेखात मला हेच सांगायचं होतं.

व्हिडिओच्या माध्यमाचे उपकारही मोठे आहेत, ते नाकारणं कृतघ्नपणाचं होईल. पूर्वी ज्या उस्तादांचं वादन ऐकायला मुंबईत रात्र काढावी लागे, ते ही मुलं फोनवर पाऊण वेगाने ऐकतात. वेग कमी केला तरी सूर उतरत नाही, आणि बोट कसं पडतं ते दिसतं. सर स्वतः असं बसून चक्रदार नावाची एक रचना उतरवून घेताना मी पाहिले. पुढे जाऊन त्यांनी ती मुलांकडून आधी म्हणवून घेतली. बघून वाजवलेलं हातात राहतं, म्हटलेलं डोक्यात राहतं, असं त्यांचं सांगणं.

क्लिंगॉन आहे, मराठी नाही

शिकवणी सुटल्यावर दोन मोठी मुलं माझ्याशी बोलत उभी राहिली. विषय सांगितला तर त्यांनी लगेच ‘बाहुबली’तल्या कालकेयाच्या आवाजात दोन-चार शब्द काढून दाखवले. २०१५ च्या त्या सिनेमासाठी मदन कार्की यांनी किलिकी ही भाषा रचली. सुमारे साडेसातशे शब्द आणि चाळीसेक नियम तिला आहेत. पोरांना वाटायचं नुसता आरडाओरडा आहे. नियम आहेत म्हटल्यावर दोघांचे डोळे मोठे झाले.

यातल्या एकाच्या फोनवर ड्युओलिंगो होतं. त्यावर एस्पेरांतो शिकता येते. दूरचित्रवाणी मालिकेतल्या राज्याची हाय व्हॅलेरियन शिकता येते. भाषाशास्त्रज्ञ मार्क ओक्रँड यांनी ‘स्टार ट्रेक’साठी केलेली क्लिंगॉन शिकता येते. २०२३ पासून संगीतही शिकता येतं, पियानो आणि पाश्चात्त्य स्वरलिपी. हिंदी आहे. मराठी हा लेख लिहीपर्यंत तरी नाही. आठ कोटींहून जास्त लोकांची मातृभाषा तिथे नाही, आणि परग्रहावरच्या योद्ध्यांची आहे. मस्कतच्या त्या मुलाची धाकटी बहीण तिथल्या शाळेत जाते. तिला मराठी अक्षरं शिकवायची तर आईला स्वतः बसावं लागतं. ही उणीव मराठी माणसांनीच भरून काढायची आहे, शिकवण्याच्या साधनांनी आणि रोजच्या वापराने.

संगीतापासून भाषा करायचा प्रयत्नही जगात झाला आहे. फ्रान्समधल्या झाँ-फ्रान्स्वा सुद्र या संगीतशिक्षकाने एकोणिसाव्या शतकात सोलरेसोल रचली. सात स्वर हीच तिची सात अक्षरं. डोरे म्हणजे मी, डोमी म्हणजे तू. शब्द उलटा केला की अर्थ उलटतो: मिसोल म्हणजे चांगलं, सोलमी म्हणजे वाईट. ती गाता येई, व्हायोलिनवर वाजवता येई, रंगांनी लिहिता येई. सुद्र आयुष्यभर तिचे प्रयोग करत फिरले. टाळ्या मिळाल्या, बोलणारे मिळाले नाहीत. त्यांनी सुराला शब्दाचं ओझं दिलं. तबल्याच्या बोलात उलट आहे: तिथे अक्षराला अर्थाचं ओझं नाही, म्हणून ते आवाजाला पूर्ण वाहून घेतं.

एस्पेरांतो मात्र जगली. डॉ. झामेनहॉफ यांनी ती १८८७ मध्ये जाहीर केली. सोळा नियम, नामाच्या शेवटी ओ, विशेषणाच्या शेवटी आ. आपल्याकडे ती शिकणाऱ्यांत एक मोठं नाव आहे आणि ते कोकणातलं आहे. पेण तालुक्यातल्या गागोदे गावी जन्मलेले विनोबा. अनेक भाषा येत असताना त्यांनी उतारवयात तिबोर सेकेल्य या युगोस्लाव्ह प्रवाशाकडून एस्पेरांतोचे धडे घेतले. ‘जय जगत’ म्हणणाऱ्या माणसाने जगाची म्हणून केलेली भाषा स्वतः विद्यार्थी होऊन शिकावी, हे मला फार सुंदर वाटतं.

तारप्याचं बोलणं

पडवीच्या मागे डोंगर सुरू होतो आणि डोंगरात पाडे. याच जिल्ह्यात तारपा वाजतो. वाळलेला दुध्या भोपळा, बांबूच्या नळ्या, ताडाचं पान आणि मेण. वादक गालात हवा साठवून नाकाने श्वास घेतो, त्यामुळे सूर तुटत नाही. त्याच्याभोवती हातात हात गुंफून माणसं फेर धरतात. वादकाने चाल बदलली की पावलं बदलतात, फेर वळतो. तोंडाने कुणी काही सांगत नाही. जव्हार तालुक्यातल्या वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा यांचं नाव या वाद्याशी जोडलं गेलं आहे. तारप्याला भातखंडे भेटले नाहीत. त्याचे बोल कुणी बांधले नाहीत, लिपी नाही. चाल कानातून कानात जाते. वारली लग्नात धवळेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाते तेही असंच, तोंडपाठ. हे टिपून ठेवायला कुणीतरी बसलं पाहिजे, आणि ज्यांचं ते आहे त्या घरांतल्या मुलांनी बसलं तर सगळ्यात बरं.

काळोख पडला. मुलींची आई न्यायला आली. धाकटीने जाता जाता बहिणीला काहीतरी म्हटलं, च मध्ये. आईने वळून त्याच भाषेत उत्तर दिलं आणि दोघी ओरडल्या.

या दिवाळीत पहाटेच्या मैफलीला जाल, किंवा घरी ध्वनिमुद्रिका लावाल, तर एवढं करून बघा. तबला सुरू झाला की हातावर सोळा मोजा. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी द्या, नवव्याला हात उलटा करा. चौदाव्याला डग्गा परत येतो का ते ऐका. फोनच्या स्पीकरवर ऐकू नका, तिथे तो येत नाही. साधे कानाचे हेडफोन घातले तरी पुरतात.